टाकेरियात पहिल्यांदा जाताय? टाको शोधण्याबद्दल आणि मागवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकेरिया म्हणजे टाकोचं दुकान, आणि टाको म्हणजे तोर्तिया नावाच्या छोट्या, पातळ पोळीत घडी घालून दिलेलं सारण. मी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात राहतो. भारतातून नव्याने आलेले मित्र, सुट्टीत येणारे आईबाबा, शिकायला आलेली भाचरं, सगळ्यांना घेऊन मी टाकेरियात गेलो आहे आणि जवळपास सगळ्यांनी तेच प्रश्न विचारले आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियाची आहेत, पण शिकागो, न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्येही ती बऱ्याच अंशी लागू पडतील.

टाकेरिया आणि मेक्सिकन रेस्टॉरंट यांत फरक काय?

मिसळीचं दुकान आणि वीस पानी मेनूचं हॉटेल यांत आहे तोच. रेस्टॉरंटमध्ये बसल्याबसल्या चिप्सची टोपली येते, चरचरणारी फहिता येते, मार्गारिटा मिळते. टाकेरियात एक काउंटर असतो, मागे तवा, वर फळा, आणि सगळा जीव एकदोन पदार्थांत. हीच टाकेरिया ट्रकमध्ये असली की तिला इथे लोंचेरा म्हणतात. फुटपाथवर टेबल आणि मंडप टाकून लागते तो पुएस्तो. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगले टाको पुएस्तोवर मिळतात, कारण तिथे माणूस एकच गोष्ट करतो आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर करतो.

चांगली टाकेरिया कशी ओळखायची?

आधी पाटी वाचा. दुकानाच्या नावात बहुतेकदा मालकाचं गाव किंवा राज्य असतं, आणि काय मागवायचं हे तेच सांगतं (पदार्थांची बहुतेक नावं पुढे उलगडली आहेत). ‘कोल्हापुरी’ अशी पाटी असलेल्या खानावळीत आपण तांबडा-पांढरा मागतो आणि ‘मालवणी’ पाटी दिसली की तिसऱ्यांची आमटी आहे का ते विचारतो, तसंच हे. नावात मिचोआकान किंवा उरुआपान असेल तर कार्नितास. हालिस्को असेल तर बिर्रिया. इदाल्गो किंवा तेश्कोको असेल तर बार्बाकोआ. सिनालोआ आणि नायारित म्हणजे समुद्रकाठ, तिथे मासे आणि कोळंबी. सोनोरा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं बीफ आणि गव्हाची तोर्तिया. पुएब्ला असेल तर टाकोस आराबेस किंवा सेमिता नावाचं तीळ लावलेलं सँडविच. वाहाका असेल तर टाको सोडा, त्लायुदा, म्हणजे वर सारण पसरलेली मोठी कडक तोर्तिया, मागवा. हालिस्कोच्या माणसाकडे जाऊन मासे मागायचे आणि नंतर ‘ठीकच होतं’ म्हणायचं, ही चूक मी लोकांना पुन्हा पुन्हा करताना पाहतो.

मग फळ्यापेक्षा तव्याकडे बघा. कोणाच्या हातात काय आहे? तोर्तिया पिशवीतून निघतायत की बाजूला एखादी बाई पिठाचे गोळे दाबून तव्यावर टाकतेय? मांस आधीच कापून ट्रेमध्ये पडलंय की मागितल्यावर लाकडी ओंडक्यावर चिरलं जातंय? चिरण्याचा तो ठकठक आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येत असेल तर आत जा.

गर्दीत कोण आहे तेही बघा. कामावरून परतलेले गवंडी, गॅरेजमधले लोक, पोराबाळांसकट आलेली मेक्सिकन कुटुंबं दिसली तर तिथला तवा रिकामा राहत नाही आणि माल शिळा होत नाही. मोबाइलच्या नकाशावर शोधत असाल तर तारे मोजण्याऐवजी लोकांनी टाकलेले फोटो बघा. जो पदार्थ प्रत्येक तिसऱ्या फोटोत दिसतो तो त्या दुकानाचा.

आमच्या भागात अशी ठिकाणं आहेत का?

बहुतेक आहेत, आणि तुम्ही किराणा घ्यायला जाता तिथून फार लांब नसतात. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये 74व्या रस्त्यावर डाळ-तांदूळ घ्यायला जाणाऱ्यांना रूझवेल्ट अॅव्हेन्यू हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथे रेल्वेपुलाखाली टाकोच्या गाड्यांची रांगच असते. एडिसनमधल्या मराठी मंडळींना न्यू ब्रन्सविकची फ्रेंच स्ट्रीट जवळ आहे. तिथे वाहाकातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. बे एरियात ओकलंडच्या फ्रूटवेल भागातले ट्रक, सॅन होजेची पूर्व बाजू, रेडवुड सिटीची मिचोआकानकडची वस्ती. शिकागोत पिल्सन आणि 26व्या रस्त्यावरचं लिटल व्हिलेज. पिल्सनमधलं ‘कार्नितास उरुआपान’ 1975 पासून चालू आहे, आणि पाटीवरचं गाव बघून मागवायचा नियम तिथे शंभर टक्के लागू पडतो.

कडक, कुरकुरीत कवचाचा टाको खोटा असतो का?

खोटा नाही, वेगळा. कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्दिनोमध्ये मित्ला कॅफे नावाचं मेक्सिकन कुटुंबाचं हॉटेल 1937 पासून आहे. तिथले तळलेले टाको समोरच्या बाजूला हॉटेल चालवणाऱ्या ग्लेन बेलने पाहिले, शिकून घेतले, आणि 1962 मध्ये डाउनी गावात टाको बेल काढलं. पुढे जगभर गेलं ते हे रूप. मेक्सिकोत तळलेल्या टाकोला टाकोस दोरादोस म्हणतात. तिथे तोर्तियात सारण भरून, घडी घालून मग तळतात, त्यामुळे आत वाफ राहते आणि बाहेर कुरकुरीत पापुद्रा येतो. कारखान्यातलं आधीच तळून ठेवलेलं कोरडं कवच ही अगदी निराळी वस्तू आहे. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात ‘मारिस्कोस हालिस्को’ ट्रकवर कोळंबीचे दोरादोस मिळतात. मारिस्कोस म्हणजे समुद्रातलं खाणं, म्हणून इथे पाटीवर हालिस्को असूनही कोळंबीच मागायची. मासे खात असाल तर या शहरात तुमचा पहिला टाको तोच असू द्या.

तोर्तियाचं एवढं काय? आतलं सारण महत्त्वाचं नाही का?

मला कोणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी तोर्तियाबद्दलच सांगेन. गारठलेल्या, चिवट भाकरीबरोबर पिठलं कितीही चांगलं असो, जेवण होत नाही. टाकोचंही तसंच.

मक्याची तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी नव्हे. मक्याचे सुके दाणे पाण्यात चुना घालून शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. हा चुना म्हणजे पानाला लावतो तोच. सकाळी दाणे चोळून धुतले की वरची सालं सुटतात. मग ओलेच दळतात, पूर्वी मेताते नावाच्या पाट्यावर आणि आता गिरणीत. चुन्यात असा शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात आणि तो दळून तयार होणाऱ्या ओल्या पिठाला ‘मासा’ (आपला पाण्यातला मासा नव्हे). चुन्यामुळे पीठ चिकटून राहतं, लाटता-दाबता येतं, आणि मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना तिथे पेलाग्रा, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झाला. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही तो होत नव्हता.

याच कारणाने आपल्या किराणा दुकानातल्या मक्याच्या पिठाच्या तोर्तिया होत नाहीत. ते चुन्यातून गेलेलं नसतं, म्हणून कडेला चिरा पडतात आणि घडी घातली की मोडतं. घरी करायच्या असतील तर ‘मासा हारिना’ असं लिहिलेलं पाकीट आणा. ते वाळवलेल्या निश्तामालचं पीठ असतं.

दुकानात तोर्तिया हाताने केलेली आहे का हे विचारायला ‘एचास आ मानो?’ एवढं पुरतं. चांगली तोर्तिया हातात घेतल्यावर ओल्या मातीसारखा, भाजलेल्या कणसासारखा वास येतो. तव्यावर ती फुगते, आपल्या फुलक्यासारखी. दोन दोन तोर्तिया एकावर एक देतात त्या पातळ, लहान आणि बहुधा यंत्रावरच्या असतात. एक रसाने भिजून फाटली तर दुसरी सांभाळते, आणि खाली पडलेलं सारण दुसरीत गोळा करून छोटा टाको करून खाता येतो. हाताने केलेली जाड तोर्तिया असेल तर एकच देतात.

मक्याची घ्यावी की मैद्याची?

मध्य आणि दक्षिण मेक्सिकोच्या पदार्थांना मका, उत्तरेच्या भाजलेल्या मांसाला गहू. सोनोरात सोबाकेरा नावाची तोर्तिया दोन्ही हातांवर ताणत ताणत कोपरापर्यंत मोठी करतात आणि घुमटासारख्या तव्यावर टाकतात. खापरावरचे मांडे करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ती बघून गहिवरून येईल. मैद्याच्या तोर्तियात बहुतेकदा डुकराची चरबी असते, हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

फळ्यावरची नावं कळत नाहीत. कशात काय असतं?

अल पास्तोर म्हणजे डुकराचं मांस, सुक्या लाल मिरच्या आणि आच्योते नावाच्या लाल बियांच्या वाटणात मुरवून उभ्या सळईवर थरावर थर रचलेलं. त्या शंकूला त्रोम्पो म्हणतात, म्हणजे भोवरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेबनॉनकडून आलेल्या लोकांनी आपली शावर्मा भाजायची पद्धत पुएब्लात आणली. तिथे आधी टाकोस आराबेस झाले आणि पुढे मेक्सिको सिटीत मिरच्या आणि अननस घालून पास्तोर झालं. शंकूच्या डोक्यावर अननस असतो. टाकेरो, म्हणजे टाको करणारा, एका हाताने मांस तासून टाकोत पाडतो आणि सुरीच्या टोकाने अननसाची फोड उडवून त्यावर झेलतो. त्रोम्पो दिसत नसेल आणि तरी फळ्यावर पास्तोर लिहिलेलं असेल, तर ते तव्यावर परतलेलं मुरवलेलं मांस आहे. वाईट असेल असं नाही, पण त्यासाठी वाट वाकडी करून जाऊ नका. तिहुआनाकडच्या दुकानांत यालाच आदोबादा म्हणतात.

कार्नितास म्हणजे डुकराचं मांस त्याच्याच चरबीत, तांब्याच्या मोठ्या कढईत तासन् तास शिजवलेलं. विचारतील की कुठला भाग हवा. मासिसा म्हणजे नुसतं मांस, कुएरितो म्हणजे मऊ कातडी, बुचे म्हणजे पोट, सुर्तिदा म्हणजे सगळं मिसळून. खाणाऱ्याने सुर्तिदाच घ्यावं.

आसादा म्हणजे निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेलं बीफ. सुआदेरोही बीफच, पोटाजवळचा पातळ भाग चरबीत मऊ केलेला. मेक्सिको सिटीच्या धाटणीच्या दुकानात तो चुकवू नये. लेंग्वा म्हणजे जीभ, कबेसा म्हणजे डोक्याचं मांस, काचेते म्हणजे गाल, त्रिपा म्हणजे आतडी. वजडी आवडणाऱ्याने त्रिपा ‘बिएन दोरादा’, म्हणजे चांगली कुरकुरीत, अशी मागावी.

बिर्रिया मुळात हालिस्कोची, बकऱ्याची. आपल्याला सगळ्यात ओळखीची वाटेल अशी हीच: सुक्या मिरच्या, जिरं, लवंग, दालचिनी घातलेला रस्सा आणि त्यात गळून पडेस्तोवर शिजलेलं मांस. गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसणारी, चीज घालून तव्यावर लाल तेलात भाजलेली आणि रश्शात बुडवून खायची ती केसाबिर्रिया. ती तिहुआनाकडून आली आणि बहुतेक ठिकाणी बीफची असते. बकऱ्याची हवी असेल तर ‘चिवो’ हा शब्द शोधा. मटणाच्या रश्श्याची आठवण येणाऱ्या प्रत्येकाला मी चिवोच्या बिर्रियाकडे पाठवतो. सोबत कोन्सोमे, म्हणजे तो रस्सा, कपात मागून घ्या आणि वर कांदा, कोथिंबीर, लिंबू.

बार्बाकोआ म्हणजे जमिनीत खड्डा करून, मागेय नावाच्या घायपातीसारख्या झाडाच्या पानांत गुंडाळून शिजवलेलं मेंढीचं मांस, इदाल्गोची खासियत. अमेरिकेत याच नावाने बीफ मिळतं, टेक्सासात तर गाईच्या डोक्याचं.

मी बीफ खात नाही. पोर्कही नको. मग काय उरतं?

पोयो म्हणजे चिकन. तव्यावरचं चिकन बऱ्याचदा कोरडं असतं, म्हणून ‘तिंगा’ आहे का विचारा: टोमॅटो, कांदा आणि धुरावलेल्या चिपोत्ले मिरचीत शिजवलेलं, तंतू काढलेलं चिकन. त्याशिवाय चिवो म्हणजे बकरा, बोर्रेगो म्हणजे मेंढी, पेस्कादो म्हणजे मासा, कामारोन म्हणजे कोळंबी. एन्सेनादाचा माशाचा टाको पिठात बुडवून तळलेला असतो, वर कोबी आणि पांढरी पातळ चटणी. मत्स्याहारी कोकणी माणसाला मी तोच सुचवतो.

पण एक स्पष्ट सांगायला हवं. एकाच तव्यावर, एकाच सुरीने, एकाच ओंडक्यावर सगळं होतं. तव्याला चरबी लागलेली असते. हे ज्यांना चालत नाही त्यांनी माशांचंच दुकान गाठावं. तिथे निदान तळणीचं तेल वेगळं असण्याची शक्यता असते, आणि तेही विचारून घ्यावं.

शाकाहारी माणसाने काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण फसगत इथेच होते.

‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. अनेकांच्या बोलण्यात कार्ने म्हणजे बीफ-पोर्क, त्यात चिकन धरत नाहीत. पूर्ण वाक्य म्हणा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो.’ मी मांस खात नाही, चिकनही नाही, मासेही नाही. मग दुसरा प्रश्न: ‘तिएने मांतेका?’ यात चरबी आहे का? घोटलेल्या घेवड्यात, म्हणजे फ्रिहोलेस रेफ्रितोसमध्ये, ती जुन्या पद्धतीने असतेच. लाल भातात चिकनचं पाणी किंवा त्याची पूड असते. कधी कधी सालसातही, म्हणजे टाकोवरच्या पातळ चटणीतही, ती पूड टाकतात. कुणी ‘मांतेका वेहेताल’ म्हणालं तर ती वनस्पती तुपासारखी चरबी, चालेल. विचारायला संकोच करू नका. शांतपणे विचारलं की लोक आत जाऊन पाकीट बघून येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता काय खायचं ते. मेक्सिकोचं शाकाहारी जेवण आपल्या फार जवळचं आहे, फक्त ते फळ्याच्या तळाशी किंवा ‘केसादिया’ (सारण, बहुधा चीजही, भरून घडी घातलेली तोर्तिया) या शब्दाखाली दडलेलं असतं. राहास म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, चीज किंवा साय घालून. ओंगोस किंवा चाम्पिन्योनेस म्हणजे अळंबी. फ्लोर दे कालाबासा म्हणजे भोपळ्याची फुलं, आपण ज्यांची भजी करतो तीच. नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाची काटे काढलेली कोवळी पानं, चवीला आंबटसर आणि भेंडीसारखी बुळबुळीत. चांगली भाजली की बुळबुळीतपणा जातो. पापा म्हणजे बटाटा. बटाट्याचे टाकोस दोरादोस लहान मुलं आणि आजीआजोबा दोघांनाही चालतात. केसो पानेला हे भाजलं तरी वितळत नाही, पनीरच्या सगळ्यात जवळ जाणारं. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध विरजायचा घटक, असू शकतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजशिवाय मागावं: ‘सिन केसो’.

उइत्लाकोचे दिसलं तर धाडस करा. मक्याच्या कणसावर काणी पडते ना, काळी, फुगलेली? आपला शेतकरी ते कणीस फेकून देतो. मेक्सिकोत तीच काणी कांदा-मिरचीवर परतून खातात, आणि तिला अळंबीसारखी खोल, मातकट चव असते. विदर्भातून आलेल्या माझ्या मामांनी आधी नाव ऐकून मान हलवली आणि मग दोन केसादिया संपवल्या.

बेर्दोलागास हे नाव दिसलं तर ती आपली घोळाची भाजी आहे. पण ती सहसा पोर्कबरोबर शिजवतात, म्हणून आधी विचारा.

ऑर्डर कशी द्यायची? स्पॅनिश येत नाही.

काम भागण्यापुरते शब्द थोडेच आहेत आणि मराठी तोंडाला ते सोपे आहेत, कारण त आणि द आपल्यासारखेच उच्चारतात. ‘ब्वेनास तार्देस’ म्हणून सुरुवात करा. मग ‘दोस दे पास्तोर, उनो दे पोयो, पोर फावोर.’ पास्तोरचे दोन, चिकनचा एक. ते विचारतील ‘कोन तोदो?’, म्हणजे सगळं घालू का? सगळं म्हणजे कांदा आणि कोथिंबीर, कधी सालसाही. ‘सी, कोन तोदो’ म्हणा. कांदा नको असेल तर ‘सिन सेबोया’. इथेच खायचं तर ‘पारा आकी’, बांधून न्यायचं तर ‘पारा येवार’. स्पॅनिशमध्ये दोन एल एकत्र आले की य होतो, आणि जे चा उच्चार ह. म्हणून हलापेन्यो, पोयो, तोर्तिया.

इंग्रजीतही काम होतं. पण चार शब्द त्यांच्या भाषेतले ऐकले की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. टेबलावर आधीपासून कोणी जेवत असेल तर बसताना ‘प्रोवेचो’ म्हणा. सावकाश होऊ द्या, असा त्याचा अर्थ.

किती मागवावेत?

रस्त्यावरचा टाको तळहाताएवढा असतो. पोटभर जेवायला चार-पाच लागतात. पण सगळे एकदम मागवू नका. दोन घ्या, गरम असताना संपवा, मग पुढचे दोन. ताटात थांबलेला टाको पाच मिनिटांत ओला आणि गार होतो. गरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडावी, तसं खाण्याचा हा पदार्थ आहे.

कुठली सालसा जास्त तिखट असते?

रंगावरून कळत नाही. गडद लाल सालसा बऱ्याचदा सौम्य असते, कारण ती ग्वाहियो मिरचीची असते आणि त्या मिरचीचं काम आपल्या बेडगीसारखं, रंग देण्याचं. जपायचं ते पातळ नारिंगी सालसाला. तिच्यात चिले दे आर्बोल किंवा आबानेरो ही जहाल मिरची असते. हिरव्यांत दोन प्रकार: एक आंबटसर, तोमातियोची. तोमातियो हे रसभरीच्या कुळातलं, कागदी टरफलातलं हिरवं फळ. दुसरी दाट, साईसारखी हिरवी. ती अवोकाडोची समजून लोक चमचाभर ओततात, आणि बऱ्याच दुकानांत ती नुसत्या हलापेन्यो मिरच्या तेलात घुसळून केलेली असते.

आपण मिरची खातो म्हणून आपल्याला चालेल असं धरून चालू नका. आबानेरोचा तिखटपणा उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो. आधी टाकोच्या कडेला थेंबभर लावून चव घ्या. मोल्काहेते, म्हणजे तीन पायांच्या दगडी खलात वाटलेली सालसा असेल तर ती नक्की घ्या. तव्यावर मिरच्या, टोमॅटो, लसूण करपवून भरड वाटायची त्यांची रीत बघितली की ठेचा आठवतो. मिरची मुळात तिकडचीच. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. चिकूही मुळात तिकडचाच, आणि त्याचं नाव अजूनही तिकडच्या ‘चिको’ला धरून आहे.

खायचं कसं? काटा-चमचा मिळेल का?

हाताने. वर लिंबू पिळा, सालसा घाला, मग टाको आडवा धरून मान वाकवा आणि थोडं पुढे झुका, म्हणजे रस ताटात पडतो, कपड्यांवर नाही. मुळा, काकडी, लोणच्यातलं गाजर आणि तव्यावर फोड आलेल्या मिरच्या बाजूला असतात. त्या मध्ये मध्ये खायच्या असतात.

प्यायला काय घ्यावं?

ओर्चाता म्हणजे भिजवलेले तांदूळ आणि दालचिनी वाटून, गाळून, साखर घातलेलं गार पेय. काही ठिकाणी त्यात दूध असतं. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबटगोड सरबत, बिर्रियाबरोबर छान लागतं. तामारिंदो म्हणजे चिंचेचं सरबत, आणि या शब्दातच अरबांनी दिलेलं ‘हिंदचा खजूर’ हे नाव आहे. गोड खायचं असेल तर काउंटरवर ‘आलेग्रिया’ आहे का बघा. ती राजगिऱ्याची वडी निघेल. राजगिरा मूळचा तिकडचा, हे उपासाला लाडू खाताना मला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं.

रस्त्यावरच्या गाडीवर खाणं सुरक्षित आहे का?

जे आपण पुण्या-मुंबईत बघतो तेच बघा. मांस चांगलं गरम आहे का, पैसे घेणारा आणि टाको बनवणारा हात वेगळा आहे का, हात धुवायला पाणी आहे का, सालसाची भांडी झाकलेली आणि बर्फावर आहेत का. लॉस एंजेलिस काउंटीत परवाना असलेल्या ट्रकवर ए, बी, सी अशी श्रेणीची पाटी लावलेली असते.

फुटपाथवर विकणं कॅलिफोर्नियात 2019 पासून गुन्हा राहिलेला नाही. तसा कायदा 2018 मध्ये झाला, आणि खाद्यविक्रेत्यांना आरोग्य परवाना मिळणं सोपं व्हावं म्हणून 2022 मध्ये आणखी एक. तरी हे आयुष्य सोपं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या कित्येक विक्रेत्यांनी गाड्या लावणं थांबवलं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: टाकोचा फोटो खुशाल काढा, पण काम करणाऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय टिपू नका आणि नेटवर टाकू नका.

पैसे कसे द्यायचे, टिप किती?

रोख जवळ ठेवा, सुट्टे ठेवा. काही पुएस्तोवर आधी खायचं आणि शेवटी किती खाल्ले ते सांगून पैसे द्यायचे असतात. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. बरणी ठेवलेली असते तिच्यात मी प्रत्येकी एक डॉलर तरी टाकतो.

कुठल्या वारी, किती वाजता जावं?

बार्बाकोआ, कार्नितास आणि चिवोची बिर्रिया शनिवार-रविवार सकाळी. आठ-नऊला पोहोचा, बाराला संपलेलं असतं. पास्तोर रात्री, सातनंतर, जेव्हा त्रोम्पो चांगला पेटलेला आणि फिरता असतो. दुपारी चारला गेलात तर बाहेरचा थर तासून झालेला आणि आतला न भाजलेला, असं होऊ शकतं. माशांचे टाको दुपारी.

मेक्सिको सिटीला जाणार आहे. वेगळं काही?

तिथे ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवून देतात, नवल वाटून घेऊ नका. तिथे केसादियात चीज असेलच असं नाही, हवं असेल तर ‘कोन केसो’ म्हणावं लागतं. सकाळी सायकलवरच्या टोपलीतून टाकोस दे कानास्ता विकतात: बटाटा, घेवडा, वाफेने मऊ झालेले. सान राफाएल भागात ‘एल कालिफा दे लेओन’ नावाची टाकेरिया 1968 पासून आहे. जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. 2024 मध्ये तिला मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम हॉटेलांना मिळणारा नावाजलेला मान, मिळाला, टाकोच्या ठेल्याला मिळालेला मेक्सिकोतला पहिला. ते बीफचे टाको आहेत. न खाणाऱ्यांनीही दोन मिनिटं थांबून तव्यावर हाताने टाकल्या जाणाऱ्या तोर्तिया बघाव्यात.

बांधून घरी नेलं तर चव राहते का?

पास्तोर आणि दोरादोस नेऊ नका. बिर्रिया, कार्नितास आणि बार्बाकोआ किलोवर किंवा पौंडावर मिळतात, ते न्या. मांस वेगळं, तोर्तिया वेगळ्या, कांदा-कोथिंबीर वेगळी, सालसा वेगळी मागा: ‘तोदो आपार्ते’. घरी पोळीचा तवा कडक तापवा, तोर्तियाला दोन्ही बाजूंनी पाण्याचा हात लावून टाका, डाग पडले की उलटा, आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. पहिली तोर्तिया मी नुसती मीठ लावून उभ्याउभ्याच खातो.